व्हीसीडी, कॅसेटी आणि दोन डिस्कचा डबा: घरच्या लायब्ररीसाठी नॅस, नागपुरी रिव्ह्यू

पहिलेच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना सगळं वाचायचं नाही ते इथूनच निघू शकतात. सिनॉलॉजीचा डीएस२२४ प्लस हा दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून सगळ्यांना एकाच जागेवरून फाइली देणारा डबा, घरच्या फोटो, गाणी आणि व्हिडिओसाठी घेतला, नागपूरचा उन्हाळा पावसाळा दोन्ही त्याच्यावरून गेले, आणि माझं मत असं की डबा चांगला आहे, थोडा महाग आहे, पण घ्यायच्या आधी लोक ज्या गोष्टीवर डोकं फोडतात, प्रोसेसर कोणता, फोरके चालेल का, ती घरच्या वापरात फारशी लागत नाही. आपल्या घरातला माल कोणत्या फॉरमॅटचा आहे आणि आपला टीव्ही काय काय खातो, सगळा खेळ तिथे आहे, आणि ते कोणी तपासत नाही.

आणि हो, ज्यांच्याकडे एकच टीव्ही आहे, एक टीबीपेक्षा कमी माल आहे आणि घरात पाहणारे दोघंच आहेत त्यांनी नॅसच्या भानगडीत पडू नका भाऊ, पोर्टेबल हार्ड डिस्क टीव्हीच्या मागे लावा, दुसरी एक कॉपी कपाटात ठेवा, झालं काम.

आमचं प्रकरण जरा वेगळं होतं. मामाच्या लग्नाच्या व्हीसीडी, काकाच्या कॅमेऱ्यातल्या मिनी-डीव्ही टेपा, बाबांच्या नाट्यसंगीत आणि भजनाच्या कॅसेटी, मग डीव्हीडीचा जमाना, आणि त्यानंतर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलचा ढिगारा. गुगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून फुकट अनलिमिटेड बंद झालं तेव्हापासून तो ढिगारा कोणाच्या लॅपटॉपवर, कोणाच्या पेनड्राइव्हवर असा पसरत गेला, आणि मग कोणाला काही सापडेना. मिनी-डीव्ही टेप फायरवायरने कॉम्प्युटरवर घेतली की एका तासाला साधारण १३ जीबी होते, म्हणजे टेपांचा एक खोका उतरवला तरी पाचशे जीबीचा लॅपटॉप भरते. याच्या उलट व्हीसीडी, एक तासाला सहाशे एमबीच्या आसपास, ३५२ बाय २८८ चं चित्र, आजच्या टीव्हीवर लावलं तर नवरदेव ओळखू येते पण जवळून नाही.

आता खरी गंमत. यूट्यूबवरचा प्रत्येक नॅसवाला ट्रान्सकोडिंग, म्हणजे टीव्हीला न कळणारी फाइल वाजवता वाजवता त्याला कळेल अशी बदलून देणं, म्हटलं की फोरके सिनेमे दाखवते, एकदम चार चार स्ट्रीम चालवून दाखवते. आमच्याकडे फोरकेची फाइल म्हणजे भाच्याने मोबाइलवर शूट केलेली, एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटची, आणि ती आमचा टीव्ही सरळ चालवतो, नॅसला फक्त फाइल उचलून द्यायची असते, प्रोसेसर आरामात बसून राहते. अडते कुठे? जुन्या लग्नांत. व्हीसीडीची डॅट फाइल म्हणजे एमपेग-१, डीव्हीडी म्हणजे एमपेग-२ आणि तेही इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्यांत साठवलेलं, ब्राउझरला ते कळत नाही, आयफोनला कळत नाही, आमच्या टीव्हीच्या अॅपला अर्धवट कळते. डीव्हीडीवरच्या लग्नात अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, सगळे एकदम हलतात आणि नेमकं तिथे चित्राला कंगव्यासारख्या आडव्या रेघा पडतात, नवरीचा चेहराच दिसत नाही, आणि आमची मामी नेमकी तेवढीच जागा पाहायला बसलेली असते. जेलीफिन नावाचं मीडिया अॅप नॅसवर टाकून त्याच्या ट्रान्सकोडिंगच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेसिंग नीट लावलं की नॅस ते वाजवता वाजवता साफ करून एच-२६४ मध्ये देते. आणि चित्र एवढं लहान असल्यामुळे हे काम डीएस२२४ प्लसचा जे४१२५ प्रोसेसर झोपेत करते.

दुसरं अडते ते आवाजात. सॅमसंगने २०१८ पासून टीव्हीमधून डीटीएस हा आवाजाचा फॉरमॅट काढून टाकला, त्यामुळे ब्लू-रेवरून काढलेली फाइल चित्र दाखवते आणि आवाज नाही, मग घरात सगळे स्पीकरला शिव्या देतात. जेलीफिन फक्त आवाज बदलून देते, चित्राला हात लावत नाही, हे पण हलकं काम. जड काम एकच, ते म्हणजे ब्लू-रेचे चित्रातले सबटायटल, ते अक्षर नसून फोटो असतात, टीव्हीला जमले नाही तर पूर्ण सिनेमा नव्याने शिजवावा लागतो. त्याला उपाय सोपा, अक्षरांतल्या सबटायटलची एसआरटी फाइल शोधून बाजूला ठेवा.

हे सगळं कळल्यावर निवड सोपी झाली. लिस्टमध्ये सगळ्यात स्वस्त होता डीएस२२३जे, एक जीबी रॅम, रिअलटेकचा एआरएम प्रोसेसर, आणि त्यात बीटीआरएफएस फाइल सिस्टिम नाही म्हणजे स्नॅपशॉट, फाइलींची जुनी अवस्था परत आणायची सोय, नाही. फोटोंच्या बॅकअपसाठी ठीक, पण डॉकरमध्ये (नॅसवर बाहेरचे अॅप चालवायची सोय) जेलीफिन वगैरे लावायचं म्हटलं की एक जीबीत काय होणार. दुसऱ्या टोकाला क्यूनॅपचा टीएस-२६४, कागदावर हाच भारी, आठ जीबी रॅम, दोन २.५ गिगाबिटचे पोर्ट, एचडीएमआय पण. टेरामास्टरचा एफ२-४२४ पण इंटेलवाला, हार्डवेअर मस्त. आणि चौथा पर्याय म्हणजे मित्राचा जुना डेस्कटॉप फुकटात, ज्यात सगळं फुकटचं सॉफ्टवेअर टाकता येते. फुकटचा पीसी मी काहून नाही घेतला, तर असा पीसी पन्नास वॅट धरा, चोवीस तास तीस दिवस म्हणजे महिन्याला ३६ युनिट. डीएस२२४ प्लस डिस्क फिरत असताना पंधराच्या आसपास घेते, म्हणजे ११ युनिटच्या आत. उन्हाळ्यात कूलर-एसीमुळे महावितरणचा वरचा स्लॅब आधीच लागलेला असतो, त्यात या २५ युनिटची भर कोण घालणार.

क्यूनॅप सोडला तो जानेवारी २०२२ च्या डेडबोल्टमुळे. इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅपचे डबे त्या रॅन्समवेअरने लॉक केले आणि ०.०३ बिटकॉइन मागितले होते. असं नाही की बाकी कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत, २०२१ च्या जूनमध्ये डब्ल्यूडीचे माय बुक लाइव्ह जगभर बाहेरून फॅक्टरी रीसेट होऊन रिकामे झाले होते. पण घरी डबा बाबा पण वापरणार, तर ज्याचं सॉफ्टवेअर सगळ्यात सरळ तो घ्यायचा, असा माझा हिशेब.

डिस्कचा किस्सा ऐका. बर्डीला एका दुकानात गेलो, नॅससाठी चार टीबीच्या दोन पाहिजे म्हटलं, तर त्याने पहिले सीसीटीव्हीवाली काढली. "भाऊ, हीच सगळीकडे लावून राहिलो, चोवीस तास चालते, काही होत नाही." मी म्हटलं दादा, ती सतत रेकॉर्डिंग लिहायला ट्यून केलेली आहे, मला नॅसची पाहिजे. मग त्याने साधी डेस्कटॉपची बाराकुडा काढली, किंमत कमी सांगितली. चार टीबीची ती बाराकुडा एसएमआर आहे, म्हणजे डेटाचे पट्टे घराच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले, वाचायला ठीक पण खूप लिहायचं असलं की रांगते, आणि दोन डिस्कवर एकच माल लिहायच्या RAID जोडीतली एक डिस्क मेल्यावर नवीन टाकून रीबिल्ड करायची वेळ आली की तेव्हाच दगा देते. २०२० मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता, डब्ल्यूडीने साध्या ‘रेड’ नावाच्या डिस्कमध्ये, ज्या नॅससाठीच म्हणून विकल्या जात होत्या, गुपचूप एसएमआर टाकल्याचं बाहेर आलं, मग त्यांना सीएमआरवाली, म्हणजे पट्टे एकावर एक न चढवलेली, लाइन रेड प्लस या नावाने वेगळी करावी लागली. तर लक्षात ठेवा, डब्ल्यूडी घ्यायची तर रेड प्लस, सीगेट घ्यायची तर आयर्नवुल्फ, दोन्ही सीएमआर, दोन्हीवर तीन वर्षं वॉरंटी. प्रो वगैरेची घरी गरज नाही, ७२०० आरपीएमची डिस्क हॉलमध्ये रात्री घरघर करते आणि जास्त तापते.

शेवटी मी एक डिस्क दुकानातून आणि एक ऑनलाइन घेतली, मुद्दाम, म्हणजे दोन्ही एकाच लॉटच्या नको. ऑनलाइनवाली आली ती साध्या बबलरॅपच्या पिशवीत, आत हाताने डिस्क हलत होती, ती त्याच दिवशी परत पाठवली, बदलून आलेली खोक्यात नीट होती. डिस्क हातात आली की दोन गोष्टी करा. सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पेजवर टाकून भारतात वॉरंटी लागू आहे का पाहा, काहून की बाहेरून आलेला माल स्वस्त असतो पण वॉरंटीच्या वेळी इथे कोणी दारात उभं करत नाही. आणि डिस्क लावल्यावर स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यात, पॉवर-ऑन अवर्स (एकूण किती तास चालली) पाहा. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं, त्यात स्मार्टचे आकडेच शून्य केलेले होते, खरे तास सीगेटच्याच फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीत सापडले. म्हणजे शून्य दिसलं तरी सीगेट असेल तर फार्म पण तपासा.

दोन चार टीबी लावल्या म्हणजे आठ मिळतील असं बाबांना वाटलं होतं. दोन्हीवर एकच गोष्ट लिहिली जाते, म्हणून मिळतात चार, आणि ते पण स्क्रीनवर ३.६ च दिसतात, कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने. डबा आणि दोन डिस्क मिळून पन्नास हजारांच्या पुढे गेलं, आईने आकडा ऐकून फक्त "एवढ्यात फ्रिज आला असता" एवढंच म्हटलं.

आता नागपूरचा मुद्दा, जो कोणत्याच रिव्ह्यूत नसतो. कंपनीच्या स्पेसमध्ये या डब्याची लिमिट ४० डिग्री लिहिली आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४० म्हणजे बरा दिवस. २०१३ च्या मेमध्ये ४७.९ पर्यंत गेलेलं आहे हो. २०२४ च्या मेअखेर तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं होतं, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडलेला होता, पण नागपूरकरांनी अर्धा दिवस ते खरं मानलं यातच सगळं आलं. घरात एवढं नसते पण दुपारी बंद खोलीत, स्लॅबच्या खाली, ३८-३९ सहज होते. टीव्ही युनिटच्या काचेच्या कप्प्यात नॅस ठेवू नका, तिथे गरम हवा फिरत राहते आणि डब्याचा मागचा एकुलता एक पंखा तीच हवा परत ओढते. आमचा हॉलमध्ये उघड्या शेल्फवर आहे, मागे वीतभर जागा सोडून. पंख्याचा मोड क्वाएटवरून कूल करा, आवाज थोडा वाढतो पण कूलर चालू असताना कोणाला ऐकू येते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, माझ्या डिस्क पन्नाशीला टेकल्या, हिवाळ्यात त्याच तिशीत असतात. डिस्कला पन्नास झेपते पण मला झेपत नाही, म्हणून दुपारी फोटोंचं इंडेक्सिंग, मोठी कॉपी वगैरे लावत नाही, सगळं पहाटेला शेड्यूल केलं आहे.

आणि कूलरच्या समोर तर अजिबात नको. लोकांना वाटते थंड हवा आहे, बरं होईल. कूलरची हवा ओली असते, खसच्या ताट्या नवीन असल्या की बारीक तुषार पण येतात, त्यात धूळ मिसळली की पंख्यावर लेप बसते. कूलरच्या झोतापासून बाजूला, भिंतीच्या आडोशाला.

लाइट जाणं. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. इन्व्हर्टर साध्या मोडवर असला तर लाइट गेल्यावर सावरायला वेळ घेते, पंखा चालू राहते पण नॅस, राउटर बंद पडून परत चालू होतात. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असते, ते दाबलं की बदल झटकन होते. तरी मी वेगळा छोटा यूपीएस लावला, ज्याला यूएसबीचा डेटा पोर्ट आहे असा, ती वायर नॅसला जोडली की बॅटरी संपत आली की नॅस स्वतः फाइली बंद करून सेफ मोडमध्ये जाते. पोर्ट नसलेला यूपीएस स्वस्त मिळते, पण तो नॅसला काही सांगू शकत नाही, बॅटरी संपली की धप्प. पहिल्या पावसात वीज कडाडते तेव्हा या यूपीएसचे पैसे वसूल होतात.

सॉफ्टवेअरवर येऊ. डीएसएम, म्हणजे सिनॉलॉजीचं नॅसवरचं सॉफ्टवेअर, खरंच छान आहे, ब्राउझरमध्ये विंडोजसारखं उघडते, बाबांना फोल्डर कुठे ते एकदा दाखवलं की पुरे. सिनॉलॉजी फोटोज अॅप मोबाइलचे फोटो आपोआप ओढते, यासाठीच अर्धे पैसे वसूल. पण सिनेमांसाठी कंपनीचं स्वतःचं व्हिडिओ स्टेशन होतं ते २०२४ मध्ये डीएसएम ७.२.२ सोबत काढूनच टाकलं, म्हणजे मीडियासाठी डबा विकायचा आणि मीडियाचं अॅपच नाही, हे मला पटलेलं नाही. जेलीफिनसारखंच प्लेक्स आहे, सगळ्यात गुळगुळीत, पण त्याचा लाइफटाइम पास २०२५ च्या एप्रिलमध्ये १२० डॉलरवरून २५० वर गेला आणि घराबाहेरून पाहायला पण पैसे लागायला लागले. मी जेलीफिन लावलं, फुकट आणि ओपन सोर्स. जेलीफिनचं टीव्ही अॅप प्लेक्सएवढं देखणं नाही, कधी कधी पोस्टर लोड व्हायला वेळ लावते, पण उद्या कोणी पैसे मागणार नाही. रॅम मात्र वाढवून घ्या, दोन जीबी जागेवरच आहे, एका स्लॉटमध्ये चार टाकता येते, सहा झाली की जीव येते.

मराठी लोकांसाठी एक गोष्ट. सिनेमांच्या फाइलींना रोमन अक्षरात नाव आणि पुढे वर्ष द्या, तरच जेलीफिन पोस्टर आणि माहिती बरोबर ओढते. नाटकं, लग्नं, बारशी, शाळेचं गॅदरिंग यांना सिनेमाच्या लायब्ररीत टाकू नका, नाही तर ते मुंजीच्या व्हिडिओला कोणत्या तरी कोरियन सिनेमाचं पोस्टर लावते. त्यांच्यासाठी होम व्हिडिओ नावाची वेगळी लायब्ररी करा, तिथे देवनागरीत पाहिजे ते नाव द्या. फक्त देवनागरी नावं यादीत इंग्रजी झेडच्या नंतर येतात, म्हणून मी नावाच्या आधी वर्ष टाकतो, 1994 मामा लग्न, असं, सगळं रांगेत लागते. आणि वर्षाचे आकडे इंग्रजी कीबोर्डने टाका, मराठी अंक टाकले तर ते परत तळाला जाते.

नेटवर्कची चिंता लोक उगाच करतात. या डब्याला दोन एक-गिगाबिटचे पोर्ट आहेत, २.५ वाला एक पण नाही, २०२३ च्या डब्यात २०१९ चा प्रोसेसर आणि हे पोर्ट, यासाठी मी मार्क कापतो. पण प्रत्यक्षात एक गिगाबिटला सेकंदाला ११० एमबी मिळते आणि सगळ्यात जड फोरके ब्लू-रे पण दीडशे मेगाबिटच्या वर जात नाही, म्हणजे सेकंदाला १९ एमबीच्या आत. नॅस राउटरला वायरने जोडा एवढं पुरते. टीव्हीला मात्र वायर लावायच्या आधी पाहा, बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, जड फाइलीला ५ गिगाहर्ट्झ वायफाय त्याच्यापेक्षा बरं पडते.

ताई पुण्याला असते, तिला इथले व्हिडिओ पाहायचे होते. राउटरचे पोर्ट उघडायच्या भानगडीत पडलो नाही, डेडबोल्ट तिथूनच शिरलं होतं, आणि बऱ्याच फायबर कनेक्शनला सीजीनॅट (बऱ्याच घरांना मिळून इंटरनेटवर एकच पत्ता) असल्यामुळे पोर्ट उघडून उपयोग पण नसते. नॅसवर आणि तिच्या टीव्हीवर टेलस्केल हे दोन्ही घरं खाजगी नेटवर्कने जोडणारं अॅप लावलं, तिला वाटते घरचंच आहे. तिच्याकडे अडकते ते आपल्या अपलोड स्पीडमुळे, डाउनलोड कितीही असो.

दोन डिस्क आहेत म्हणून बॅकअप आहे असं समजू नका. भाच्याने फोल्डर उडवलं तर दोन्ही डिस्कवरून एकाच सेकंदाला उडते. त्यासाठी स्नॅपशॉट चालू ठेवा, रोजचा एक, आणि दर महिन्याला सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअप अॅपने एका यूएसबी डिस्कवर कॉपी, जी नॅसपासून दूर, आमची तर मामाकडे मानेवाड्याला असते. मामाच्याच लग्नाची व्हीसीडी आहे, त्याने सांभाळायलाच पाहिजे.

आज घ्यायचा असेल तर डीएस२२५ प्लस पण बाजारात आहे. प्रोसेसर तोच जे४१२५, एक पोर्ट २.५ गिगाबिटचा झाला, पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढल्यामुळे हार्डवेअर ट्रान्सकोडिंग सरळ मिळत नाही, म्हणजे मीडियासाठी नवा डबा जुन्यापेक्षा एक पाऊल मागे. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने असं पण जाहीर केलं होतं की नव्या प्लस मॉडेलात आपल्या किंवा आपण पास केलेल्याच डिस्क नीट चालतील, लोकांनी एवढी बोंब मारली की ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ सोबत हार्ड डिस्क आणि साटा एसएसडीपुरतं ते मागे घेतलं. २२४ प्लसला हे लागू नव्हतंच. तो दुकानात शिल्लक मिळाला तर घ्या, नाही मिळाला आणि घरात जुन्या व्हीसीडी-डीव्हीडी नसतील, सगळं मोबाइलचंच असेल, तर २२५ प्लसने पण काही अडणार नाही. आणि हात चालत असेल, सेटिंगशी खेळायची आवड असेल तर टीएस-२६४ कडे पाहा, फक्त त्याला उघड्या इंटरनेटवर सोडू नका.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो व्हिडिओ स्टेशन आणि पोर्ट मिळून. काकाच्या हाय-एट (मिनी-डीव्हीच्या आधीच्या) टेपा अजून उतरवायच्या राहिल्या आहेत, नागपुरात कोणाकडे चालू हाय-एट कॅमेरा असेल तर सांगा, भाड्याने दिला तरी चालते.